आधी वाच, मग पूस

‘सेव्ह’च्या बटणावर जे छोटं चौकोनी चित्र असतं ना, ते खरोखरच्या एका वस्तूचं आहे. आपल्या बॅचमधल्या बऱ्याच जणांना हे पहिल्यांदा कळतं तेव्हा गंमत वाटते. गेल्या सेमिस्टरला माझ्या हॉस्टेलच्या कॉटखाली अशी बावीस ‘सेव्हची बटणं’ एका बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवलेली होती. रूममेट्सनी त्या डब्याला ‘म्युझियम’ असं नाव देऊन टाकलं. तर मंडळी, त्या म्युझियमची आणि लिनक्सच्या चार-पाच कमांड्सची ही गोष्ट. गोष्ट टेक्निकल आहे, पण घाबरू नका, व्हायव्हामध्ये कुणी विचारणार नाही!

आमचं घर अकोल्याच्या जुन्या शहरात. मोर्णेच्या पश्चिमेचं, असदगडाच्या आणि राजराजेश्वराच्या मंदिराच्या बाजूचं, ते जुनं शहर. बाबांचं घराच्या पुढच्याच खोलीत डीटीपीचं दुकान होतं. २००० साली सुरू झालं आणि २००९ साली बंद पडलं. लग्नपत्रिका, दुकानांची बिलबुकं, वकिलांचे मसुदे, आणि श्रावण आला की कावड मंडळांची पत्रकं. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी कावडीने आणून राजराजेश्वराला वाहतात, ते अकोल्याच्या लोकांना वेगळं सांगायला नको. त्या आठवड्यात बाबांना जेवायला फुरसत नसायची म्हणे. काम फ्लॉपीवर यायचं, फ्लॉपीवरच प्रेसला जायचं.

आमचे आबा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. निवृत्तीनंतर त्यांनी एका जाड वहीत वऱ्हाडी शब्द लिहून काढले होते. शब्द, त्याचा अर्थ, आणि तो कसा वापरतात त्याचं एक वाक्य. शिस्त मास्तरांची, त्यामुळे सगळं अ पासून ज्ञ पर्यंत रांगेत. २००२ साली बाबांनी दुकानातल्या फावल्या वेळात ती वही टाइप करून ठेवली. पुढे आबा गेले. वही देवघराच्या खालच्या कपाटात राहिली, आणि २०२१ च्या जुलैत अकोल्यात जो पाऊस झाला त्यात घरात पाणी शिरलं. वहीचा लगदा झाला. फ्लॉप्या मात्र माळ्यावर होत्या, म्हणून वाचल्या.

मागच्या दिवाळीच्या साफसफाईत हा डबा माळ्यावरून खाली आला. आई म्हणाली भंगारवाल्याला देऊन टाका. आजी मात्र डबा मांडीवर घेऊन बसली. “पोरी, तुह्या आबाची वही हाय म्हणे याच्यात. वाचता येते का पाय बरं.” मी म्हटलं, आजी, सांगता येत नाही. त्यावर तिचं उत्तर ठरलेलं: “काहून नाही येत? लिवलं हाय त वाचता येईनच!”

आजीचं हे एक वाक्य मला पुढचे दोन महिने पुरलं.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. मी पहिलीपासून कॉन्व्हेंटमध्ये शिकले. शाळेत इंग्रजी, ट्यूशनला इंग्रजी, घरी आई-बाबांची पुस्तकी मराठी. आजीची वऱ्हाडी कानावर पडायची, पण माझ्या जिभेवर ती कधी आली नाही. ‘भेदरं’ म्हणजे टोमॅटो आणि ‘उलसक’ म्हणजे थोडंसं, एवढ्यावर माझा शब्दसंग्रह संपायचा. म्हणजे आबांची वही ज्या नातीने शोधायची, तिलाच त्यातले निम्मे शब्द कळणार नव्हते. असो.

कॉलेजला आल्यावर प्रश्न पडला ड्राइव्हचा. यूएसबीवर चालणारा फ्लॉपी ड्राइव्ह ऑनलाइन मिळतो, पण आधी मी आपल्या लॅबमध्ये चौकशी केली. लॅब असिस्टंट काकांनी स्टोअरमधून एक जुना डेस्कटॉप काढून दिला. त्यात आतल्या केबलला जोडलेला, खराखुरा फ्लॉपी ड्राइव्ह होता. पण काकांनी एक अट घातली. आपल्या लॅबमधला जुना डिजिटल ऑसिलोस्कोप वेव्हफॉर्म साठवतो तो फक्त फ्लॉपीवर. सोनीने २०११ साली फ्लॉपी विकणं थांबवलं, तेव्हा आता चांगल्या फ्लॉप्या आणायच्या कुठून? काका म्हणाले, “बेटा, मशीन घेऊन जा, पण मला दहा चांगल्या फ्लॉप्या फॉरमॅट करून, तपासून दे.”

म्हणजे एकाच डब्यातून मला वाचवायचंही होतं आणि पुसायचंही होतं. आणि कोणत्या फ्लॉपीत काय आहे, ते बाहेरून कळत नव्हतं. लेबलांवरची शाई उडाली होती. अकोल्याच्या मे महिन्यात बाहेर पारा ४५ च्या वर जातो, मग पत्र्याखालच्या माळ्यावर काय होत असेल ते तुम्हीच बघा. फ्लॉपीच्या खोक्यावर साधारण ५० अंशांपर्यंतची मर्यादा छापलेली असायची!

आता थोडं गणित. साडेतीन इंची फ्लॉपीच्या आत प्लास्टिकची एक गोल, लवचिक चकती असते, तिच्यावर चुंबकीय लेप. ती मिनिटाला ३०० वेळा फिरते. एका बाजूला ८० ट्रॅक, बाजू २, प्रत्येक ट्रॅकवर १८ सेक्टर, आणि एका सेक्टरमध्ये ५१२ बाइट. गुणाकार करा: २,८८० सेक्टर, १४,७४,५६० बाइट. यालाच ‘१.४४ एमबी’ म्हणतात, आणि गंमत म्हणजे हा आकडा कोणत्याच हिशेबाने बरोबर नाही. हजाराने भागलं तर १.४७ येतात, १०२४ ने भागलं तर १.४१. एकदा हजाराने आणि एकदा १०२४ ने भागलं तरच १.४४! आज फोनने काढलेला मूळ फोटो बहुतेक वेळा यात मावणार नाही. पण आबांची अख्खी वही त्यात मावली, आणि शेजारी दोन लग्नपत्रिकाही.

काकांनी पहिला धडा दिला तो कमांडचा नव्हता. “आधी खिडकी उघड.” फ्लॉपीच्या कोपऱ्यात सरकणारी एक छोटी पट्टी असते. ती सरकवून भोक उघडं केलं की ड्राइव्ह त्या फ्लॉपीवर काही लिहूच शकत नाही. लिनक्समध्ये ‘डीडी’ नावाची कमांड आहे. तिला कुठून वाचायचं ते ‘आयएफ’ने सांगायचं आणि कुठे लिहायचं ते ‘ओएफ’ने. या दोन्हींची अदलाबदल झाली तर वाचण्याऐवजी फ्लॉपी पुसली जाईल, आणि स्क्रीनवर एका शब्दाचीही तक्रार येणार नाही. खिडकी उघडी असेल तर मात्र मशीन नाही म्हणतं. सॉफ्टवेअरवर विश्वास ठेवण्याआधी प्लास्टिकच्या पट्टीवर ठेवावा, हे शहाणपण कोणत्याही टेक्स्टबुकात मला सापडलं नव्हतं.

दुसरा धडा: वरचं पत्र्याचं झाकण बोटाने सरकवून आत बघायचं. चकतीवर पांढुरके ठिपके दिसले तर ती बुरशी. अशी फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घालायचीच नाही, कारण ती ड्राइव्हच्या हेडला घाण लावते आणि पुढच्या चांगल्या फ्लॉपीवरही ओरखडे पडतात. बावीसपैकी चार अशा निघाल्या. त्या वेगळ्या ठेवल्या.

मग उरलेल्या अठरा. लिनक्सवर काम करायचं तर आधी फ्लॉपीचा ड्रायव्हर हाताने लोड करावा लागला, आजकाल तो आपोआप जागा होत नाही. आतल्या ड्राइव्हचं नाव तिथे ‘एफडी-झिरो’. या ड्रायव्हरचीही एक कथा आहे. ज्या लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्स सुरू केलं, त्यांनीच २०१९ मध्ये या ड्रायव्हरवर ‘अनाथ’ असा शेरा मारला, कारण सांभाळायला कुणी उरलं नव्हतं. एके काळी लिनक्स स्वतःच लोकांच्या घरी फ्लॉप्यांच्या गठ्ठ्याने पोचायचं, आणि त्याच फ्लॉपीला वाली नाही! सुदैवाने पुढे नवा सांभाळणारा मिळाला. कोड असो की वही, कुणीतरी सांभाळणारा लागतो.

मी वापरली ती कमांड ‘डीडीरेस्क्यू’. साधी ‘डीडी’ वाईट सेक्टर लागला की थांबते. डीडीरेस्क्यू मात्र जे सहज वाचता येतं ते आधी वाचून घेते, अडलेल्या सेक्टरची नोंद एका फाइलमध्ये ठेवते, आणि नंतर पुन्हा पुन्हा त्यांच्याकडे येते. कधी पुढून, कधी उलट दिशेने. आपण पेपर सोडवतो तसंच की, येणारे प्रश्न आधी! तयार होते ती सबंध फ्लॉपीची नक्कल, म्हणजे इमेज. यापुढची सगळी तपासणी त्या नकलेवर करायची, मूळ फ्लॉपीला हात लावायचा नाही.

अठरापैकी अकरा फ्लॉप्या एकही चूक न देता वाचल्या गेल्या. दोन अजिबात वाचल्या गेल्या नाहीत, नुसती करकर. आणि पाच अडखळत. आबांची वही त्या पाचांतली होती.

पहिल्या फेरीत तिच्यातले चौदा सेक्टर अडले. रात्री मेसवरून आल्यावर मी पुन्हा कमांड लावली, उलट्या दिशेने. चौदाचे सहा झाले. दुसऱ्या दिवशी ड्राइव्हचं हेड साफ करून पुन्हा. तीन. मग कितीही वेळा लावली तरी तीनच. २,८८० पैकी तीन. परीक्षेत असे मार्क पडले तर आपण पेढे वाटू, पण इथे मला झोप येईना, कारण ते तीन कुठले हे महत्त्वाचं होतं.

फ्लॉपीवरचे पहिले ३३ सेक्टर म्हणजे तिचं ऑफिस. एक सेक्टर बूटचा, १८ सेक्टरमध्ये फॅट नावाचा तक्ता, आणि १४ सेक्टरमध्ये फाइलींच्या नावांची यादी. कोणत्या फाइलचा कोणता तुकडा कुठे आहे, ते फॅटमध्ये लिहिलेलं असतं. हा तक्ता इतका मोलाचा की तो दोनदा लिहितात, नऊ-नऊ सेक्टरच्या दोन प्रती. माझ्या तीनपैकी एक सेक्टर पहिल्या प्रतीत निघाला. म्हणजे दुसरी प्रत शाबूत होती!

इथे ‘एफएससीके’ ही तपासणीची कमांड कामी आली. मी ती इमेजच्या आणखी एका प्रतीवर चालवली. तिने सांगितलं, दोन्ही तक्ते जुळत नाहीत, पहिला वापरू की दुसरा? मी दुसरा सांगितला. फाइल उभी राहिली.

हा प्रश्न वाचून मी जरा थबकले. लिनक्सची कमांड सहसा काही विचारत नाही. फॉरमॅट करणारी कमांड ‘खात्री आहे का?’ असं न म्हणता कामाला लागते. तपासणारी कमांड मात्र थांबून विचारते. पुसणारा विचारत नाही, तपासणारा विचारतो. माणसांमध्येही असंच असतं, नाही का?

उरलेले दोन सेक्टर वहीच्याच मजकुरात होते. १,०२४ बाइट. फार तर पाऊण पान.

फाइल उघडली, आणि स्क्रीनवर मराठीचं एक अक्षर नाही! नुसती इंग्रजी अक्षरं, कंस, टिंबं, उद्गारचिन्हं. वाटलं, सगळंच गेलं. बाबांना फोन लावला. ते हसले. “अगं, ते युनिकोड नाही. आमच्या काळचा फॉन्ट आहे.” त्या वेळी डीटीपीत श्रीलिपी, आकृती असे फॉन्ट वापरायचे. त्यांत मराठी अक्षरांचे आकार इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेले असत. फॉन्ट नसेल तर मजकूर म्हणजे निव्वळ कोडं. म्हणजे चकती वाचली गेली, सेक्टर वाचले गेले, फाइल वाचली गेली, तरी वही वाचता येत नव्हती. आजी, लिहिलंय म्हणून वाचता येतंच असं नाही गं!

बाबांनी कोणत्या कळीवर कोणतं अक्षर त्याचा तक्ता लिहून पाठवला आणि मी पायथॉनमध्ये एक छोटा प्रोग्राम केला. सोपं वाटलं होतं, पण जुन्या फॉन्टमध्ये अक्षरं दिसतात तशी टाइप केलेली असतात. पहिली वेलांटी अक्षराच्या डावीकडे दिसते म्हणून फाइलमध्येही आधी येते. युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर हवी. रफाराचं उलटं, तो फाइलमध्ये नंतर आणि युनिकोडमध्ये आधी. सगळ्यात जास्त छळलं ते अर्ध्या ऱ ने. ‘पऱ्हाटी’ म्हणजे कपाशीचं झाड, त्यात तो आहे. आणि वहीचं नावच ‘वऱ्हाडी शब्द’! पहिल्याच ओळीतला पहिलाच शब्द सगळ्यात शेवटी दुरुस्त झाला.

मग पानं उलगडत गेली. वावर, धुरा, कुटार, निंदण, डवरणी. मला त्यातले कितीतरी शब्द अर्थ वाचूनच कळले. आणि ‘डवरणी’च्या पुढे एकदम कोरी जागा. त्यानंतर थेट ‘तिफन’. ते दोन सेक्टर नेमके तिथे पडले होते.

पुढच्या सुट्टीत मी सगळं प्रिंट करून घरी नेलं आणि आजीला वाचून दाखवलं. माझे उच्चार ऐकून ती इतकी हसली की डोळ्याला पदर लावला. ‘डवरणी’ नंतर मी थांबले. सांगितलं की इथलं गेलंय, ‘ढ’ आणि ‘त’ चे शब्द होते. आजी थोडा वेळ गप्प बसली, मग बोटं मोडत सुरू झाली. ढेप. ढोर. तट्ट्या. असे नऊ शब्द तिने दिले. ते आबांनी लिहिलेलेच होते का, हे कुणालाच सांगता येणार नाही. म्हणून मी ते त्या जागी न भरता शेवटी वेगळ्या पानावर लिहिले, वर ‘आजीचे शब्द’ असं लिहून. तपासणीचा नियमच आहे, सापडलेलं आणि भरलेलं एकत्र करायचं नाही.

आता काकांचं देणं. फॉरमॅट करायच्या कोणत्या? बाबांना मी अकरा चांगल्या फ्लॉप्यांतल्या फाइलींची यादी पाठवली. त्यातल्या दोन त्यांनी ठेवायला सांगितल्या. बाकीच्या नऊ: “इमेज ठेवली आहेस ना? मग दे पुसून.”

लिनक्सवर फॉरमॅट म्हणजे दोन वेगळी कामं आहेत, ती आपण एकच समजतो. ‘एफडीफॉरमॅट’ ही कमांड चकतीवर ट्रॅक आणि सेक्टरच्या रेघा नव्याने आखते. यात जुनं काहीही उरत नाही. आखून झाल्यावर ती सगळे ट्रॅक वाचून बघते. मग ‘एमकेएफएस’ ही कमांड त्या आखलेल्या जागेत बूट, फॅट आणि यादी मांडते. नुसती ही दुसरी कमांड दिली तर ऑफिस बदलतं, मागच्या खोलीतला डेटा तसाच पडून राहतो. हेही लक्षात ठेवा की एफडीफॉरमॅट आतल्या ड्राइव्हवरच चालते, यूएसबीच्या ड्राइव्हला ‘यूएफआयफॉरमॅट’ लागते. तपासायला ‘बॅडब्लॉक्स’ आहे. ती नुसती दिली तर फक्त वाचते, पण तिला ‘डॅश डब्ल्यू’ जोडलं की प्रत्येक ब्लॉकवर स्वतःचे नमुने लिहून बघते. म्हणजे एका अक्षराने तपासणीचं पुसणं होतं! नऊपैकी सात फ्लॉप्या पास झाल्या, दोन नापास. काकांनी दहा मागितल्या होत्या, सातावर मिटवलं. ऑसिलोस्कोपने त्यातल्या पहिल्याच फ्लॉपीवर साइन वेव्ह लिहून दिली तेव्हा काकांनी मला कँटीनचा चहा पाजला.

न वाचल्या गेलेल्या दोन फ्लॉप्याही फॉरमॅट करून बघ, चालतील कदाचित, असं एका मैत्रिणीने सुचवलं. मी नाही म्हटलं. आत काय आहे ते कळलेलं नसताना पुसायचं कसं?

आबांची फ्लॉपीही मी तशीच ठेवली आहे, खिडकी उघडी ठेवून. तिची इमेज तीन ठिकाणी आहे, मग हे प्लास्टिक कशाला, असं तुम्ही म्हणाल. यात भावना आहे, नाही कशाला म्हणू? पण इंजिनिअरिंगही आहे. आपला ड्राइव्ह सेक्टर ‘वाचला’ किंवा ‘नाही वाचला’ एवढंच सांगतो. ‘ग्रीझवीझल’सारखी उपकरणं चकतीवरचे चुंबकीय बदल जसेच्या तसे नोंदवून घेतात, आणि मग त्यातून अक्षरं शोधता येतात. ते दोन सेक्टर उद्या कदाचित बोलतील. त्या फ्लॉपीवर फॉरमॅटची कमांड चालवली तर तो ‘कदाचित’ मिनिटा-दोन मिनिटांत संपेल.

२०२४ मध्ये जपानने सरकारी नियमांतून फ्लॉपीची सक्ती काढून टाकली, तेव्हा जगभर बातम्या झाल्या, फ्लॉपी मेली म्हणून. तिचं काम संपलं हे खरं. पण तिच्यात जे लिहिलंय ते संपलेलं नाही, आणि ते आपल्या पेनड्राइव्हलाही लागू आहे आणि फोनलाही. तुमच्याही घरी, माळ्यावर किंवा कपाटाच्या वरच्या कप्प्यात, असा एखादा डबा असेलच. सुट्टीत घरी जाल तेव्हा भंगारवाल्याच्या आधी तुम्ही तो उघडा. मशीन अजून लॅबमध्ये आहे, काकांची परवानगी आहे, आणि त्यांना अजून तीन फ्लॉप्या हव्या आहेत. फक्त क्रम चुकवू नका: खिडकी उघडा, आत बघा, नक्कल घ्या, नकलेवर तपासा, घरच्यांना विचारा. फॉरमॅट सगळ्यात शेवटी.